खाजकुयलीचे बी आणि कंपवाताचा शोध

आमच्या घरची दिवाळीची शुभेच्छापत्रे आण्णा स्वतःच्या हाताने लिहीत. ते तलाठी होते. गावोगावचे सातबारे आणि फेरफार लिहून त्यांचे अक्षर असे घडले होते, की कुठल्याही गावातला माणूस त्यांचा कागद पाहून ‘हे आण्णांचे’ म्हणून ओळखे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्या पत्रांत एक बदल दिसू लागला. ‘सप्रेम नमस्कार’ नेहमीसारखा टपोरा असे, पण ओळ उजवीकडे सरकता सरकता अक्षर बारीक होई आणि शेवटी मुंगीएवढे होऊन संपे. मी तेव्हा महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो. थट्टेने म्हणालो, “आण्णा, शाई वाचवताय काय?” ते हसले नाहीत. पुढे सही जुळत नाही म्हणून बँकेने त्यांची पैसे काढण्याची पावती परत केली, तेव्हा आम्ही डॉक्टर गाठले. मज्जाविकारतज्ज्ञांनी त्यांना एक वाक्य लिहायला सांगितले आणि हाताकडे न पाहता कागदाकडेच पाहत ते म्हणाले, “पार्किन्सन्स. आपण कंपवात म्हणतो तो.”

गोळ्या सुरू झाल्या. तीन-चार वर्षे बरी गेली. मग एका गणपतीत चुलतभाऊ गावाहून एक डबा घेऊन आला. ‘कवचबीज चूर्ण’. “खाजकुयलीचे बी आहे हो काका. नैसर्गिक. काही अपाय नाही,” असे म्हणून त्याने आईला दोन वेळा एकेक मोठा चमचा दुधातून द्यायला सांगितले. गोळ्या चालू होत्याच. डॉक्टरांना कुणी सांगितले नाही. चूर्णाचे काय सांगायचे? पहिल्या आठवड्यात आण्णा खरोखरच हलके चालू लागले आणि घरात आनंद झाला. तिसऱ्या आठवड्यात त्यांची मान आणि खांदे आपोआप वळू, डोलू लागले. रात्री त्यांना पोटमाळ्यावर मांजरे दिसत. एका पहाटे अंथरुणातून उठता उठता ते कोसळले आणि खुब्याचे हाड मोडले.

धाकट्या भावाने दोष चुलतभावाला दिला, मी चूर्णाला. इस्पितळाच्या बाकावर बसून मी म्हणालो, “झाडपाल्यात कसले आले औषध?” आण्णांची शस्त्रक्रिया झाली, ते घरी आले आणि मी ग्रंथालयात जाऊन बसलो. तिथे जे वाचले त्याने माझे ते वाक्य साफ खोटे ठरवले. त्याचबरोबर चुलतभावाचे ‘काही अपाय नाही’ हे वाक्यही खोटे ठरवले. या लेखात त्या वाचनाचा इतिहास आहे.

*

खाजकुयली कोकणातल्या माणसाला निराळी सांगायला नको. पावसाळ्यानंतर कुंपणावर, करवंदीच्या जाळीवर तिचा वेल पसरतो, गडद जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात आणि मग वाकड्या, मखमली शेंगा येतात. त्या मखमलीने आमचे बालपण लाल करून सोडले होते. वर्गात कुणाच्या तरी बाकावर ती झटकलेली असे आणि मग घरी आई अंगाला शेण चोळत बसे. शेंगेवरचे ते केस त्वचेत रुततात आणि त्यांतले एक प्रथिनभेदक द्रव्य खाज उठवते. संस्कृतात हिला आत्मगुप्ता म्हणतात, म्हणजे स्वतःचे रक्षण स्वतः करणारी. कपिकच्छू आणि मर्कटी या नावांत माकडाची खाज आहे. वनस्पतिशास्त्रात ती म्युकुना प्रुरिएन्स, म्हणजे खाजवणारी म्युकुना.

खाज केसांत आहे आणि औषध बियांत आहे. हे बी जुन्या वैद्यकाला चांगलेच परिचित होते. भावप्रकाशासारख्या निघंटूंत कपिकच्छू वृष्य, बल्य आणि वातहर म्हणून येते. तिचा मोठा लौकिक वाजीकरणातला. दुसरीकडे माधवनिदानात वातव्याधींमध्ये सर्वांगाच्या आणि डोक्याच्या कंपाला वेपथू असे नाव दिले आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की ‘आपले पूर्वज हजारो वर्षे या बियांनी पार्किन्सन्स बरा करत होते’ हे वाक्य आपोआप तयार होते आणि आज ते डब्याडब्यावर छापलेले असते. मला ते वाक्य तितके सरळ वाटत नाही. थरथर अनेक कारणांनी होते. वेपथूच्या वर्णनात आजचा पार्किन्सन्स असू शकतो आणि दुसरेही आजार असू शकतात. ‘वातहर’ हा गुण तर शेकडो द्रव्यांना दिलेला आहे. वातावर चालणारी, बल देणारी वस्तू म्हणून वैद्य हे बी कंपाच्या रुग्णाला देत असतील, हे अगदी संभवनीय आहे. पण ते कोणत्या रुग्णाला, किती, किती दिवस आणि त्याने काय झाले, याचा हिशेब ग्रंथांत सापडत नाही. आण्णांच्या भाषेत सांगायचे तर हक्क सांगितलेला आहे, पण कागद अपुरा आहे.

*

आजाराचा आधुनिक कागद १८१७ सालचा आहे. लंडनच्या हॉक्सटन भागातल्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने थरथरत्या लकव्यावर एक निबंध छापला. त्यात अवघे सहा रुग्ण होते आणि त्यांतले काही त्याने रस्त्यातच पाहिलेले होते. हातांचा कंप, पुढे वाकलेले अंग, चालता चालता पळत सुटल्यासारखी गती हे सारे त्याने टिपले. पुढे पॅरिसच्या शार्को या मज्जाविकारतज्ज्ञाने आजाराला त्याचे नाव दिले. शार्कोच्या रुग्णालयात धोतरा-बेलाडोनाच्या कुळातल्या वनस्पतींची द्रव्ये दिली जात आणि त्यांनी कंप थोडा कमी होई. शतकभर औषध म्हणून याहून फारसे काही हाती नव्हते.

त्याच काळात रसायनशास्त्रात एक वेगळीच वाट चालू होती आणि तिला कंपवाताशी काही देणेघेणे नव्हते. १९११ मध्ये काझिमिर फंक याने डोपा नावाचे अमिनो आम्ल प्रयोगशाळेत बनवले. ‘व्हिटॅमिन’ हा शब्द ज्याने दिला, तोच हा फंक. १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे रोश कंपनीच्या मार्कुस गुगेनहाइमने हेच द्रव्य एका भाजीच्या शेंगेतून वेगळे केले. ती शेंग म्हणजे उत्तर हिंदुस्थानात बाकला म्हणतात ती. निसर्गात आढळणारे रूप डावे, म्हणून ते एल-डोपा किंवा लेव्होडोपा. आपण काढलेला पदार्थ काय करतो हे पाहण्यासाठी गुगेनहाइमने अडीच ग्रॅम स्वतःच गिळला आणि त्याला जबर वांती झाली. प्राण्यांवरही काही ठळक परिणाम दिसला नाही. द्रव्य निरुपयोगी ठरून बाटलीत गेले.

१९३७ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी या दोघांनी खाजकुयलीच्या बिया हाती घेतल्या आणि त्यांतून तेच एल-डोपा वेगळे केले. निबंध लंडनच्या जैवरसायनाच्या नियतकालिकात छापून आला. प्रमाण बाकल्याहून भरघोस होते. पण या द्रव्याचा शरीराला उपयोग काय, हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हते. कुलूप कुठे आहे याचा पत्ता नसताना किल्ली मद्रासच्या प्रयोगशाळेत सापडली होती.

*

कुलपाचा पत्ता लागला तोही एका भारतीय मुळीमुळे. ही मुळी सर्पगंधेची.

१९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा रक्तदाब उतरवते आणि उन्माद शांत करते, असे लिहून ठेवले होते. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये या मुळीच्या रक्तदाबावरील परिणामाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यक जागे झाले. १९५२ मध्ये बाझलच्याच सीबा कंपनीने मुळीतून रिसर्पिन वेगळे केले. पुढची काही वर्षे रिसर्पिन रक्तदाबासाठी आणि मनोरुग्णांसाठी जगभर वापरले गेले. त्यात एक विचित्र गोष्ट दिसू लागली. काही रुग्णांचे अंग ताठरे, चेहरा निर्विकार होई, हात थरथरत. औषधाने कंपवाताची नक्कल उभी केली होती.

स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी हाच धागा पकडला. १९५७ मध्ये त्यांनी सशांना रिसर्पिन दिले. ससे कान पाडून, मान टाकून निपचित पडले. मग त्यांनी त्यांना डोपा टोचले आणि थोड्याच वेळात कान उभे करून ससे हिंडू लागले. अर्थ असा निघाला, की मेंदूत डोपामाइन नावाचा एक निरोप्या असतो. रिसर्पिन त्याचा साठा रिकामा करते आणि डोपापासून तो पुन्हा भरतो. सर्पगंधा साठा उपसते, खाजकुयलीतले द्रव्य तो भरते. आपल्या रानातल्या या दोन वनस्पतींची अशी परस्परविरोधी जोडी दूर स्वीडनमध्ये जुळली. या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकीविच आणि एरिंगर यांनी कंपवाताने मरण पावलेल्यांचे मेंदू तपासले. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागांत डोपामाइन जवळजवळ नाहीसे झाले होते. पुढच्याच वर्षी बिर्कमायर यांनी तिथल्या रुग्णांना शिरेतून लेव्होडोपा दिले. अंथरुणातून उठू न शकणारी माणसे काही तास चालू लागली. परिणाम टिकत नव्हता आणि वांत्याही होत. १९६७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जॉर्ज कोटझियस यांनी तोंडावाटे थोड्या मात्रेपासून सुरुवात करून ती हळूहळू वाढवत दिवसाला अनेक ग्रॅमपर्यंत नेली. सोळांपैकी आठ रुग्णांत ठळक सुधारणा दिसली. ज्या वांतीने गुगेनहाइमला हरवले होते, तिच्यावर त्यांनी धीराने मात केली. १९७० मध्ये अमेरिकेत लेव्होडोपाला औषध म्हणून मान्यता मिळाली. रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही: नेमके डावे रूपच तयार करणारी पद्धत मोन्सँटो कंपनीच्या विल्यम नोल्स यांनी काढली आणि त्यासाठी त्यांना २००१ चे नोबेल मिळाले. आमच्या तासाला मुले विचारत, “सर, डाव्या-उजव्या रेणूंचा उपयोग काय?” त्याचे उत्तर पुढे माझ्या घरातच फिरत होते.

यानंतरची सुधारणा आण्णांच्या अपघाताशी थेट जोडलेली आहे. तोंडाने घेतलेल्या लेव्होडोपाचा मोठा भाग मेंदूत पोचण्याआधीच आतड्यात आणि रक्तात डोपामाइन होऊन जातो. डोपामाइनला मेंदूची वेस ओलांडता येत नाही. ते बाहेर राहून मळमळ आणि उलट्या घडवते. म्हणून गोळीत कार्बिडोपा नावाचे दुसरे द्रव्य मिसळू लागले. ते हे वाटेतले रूपांतर अडवते. त्यामुळे पूर्वीच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतक्या मात्रेत तेच काम होते.

*

मग बियांचे काय? लेव्होडोपा बाजारात आल्यावर साहजिकच प्रश्न उठला, की ज्यात ते भरपूर आहे ते बीच थेट दिले तर? हा प्रश्न गंभीरपणे हाती घेणाऱ्यांत मुंबईचे संशोधक पहिल्या फळीत होते. १९७८ मध्ये डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजकुयलीच्या बियांनी केलेल्या उपचारांचा अहवाल न्यूरॉलॉजी इंडियात प्रसिद्ध केला. गुण येतो, असे त्यात दिसले. १९९५ मध्ये मुंबईच्याच झंडू कंपनीच्या एचपी-२०० या चूर्णाचा अनेक केंद्रांवर मिळून केलेला अभ्यास आला. साठ रुग्ण आणि बारा आठवडे. सव्वीस जण आधी लेव्होडोपाच्या गोळ्या घेत होते, चौतीस जणांनी त्या कधी घेतल्या नव्हत्या. साडेसात ग्रॅमची पुडी पाण्यात मिसळून दिवसातून तीन ते सहा वेळा. सुधारणा स्पष्ट होती. उणीव एवढीच, की तुलनेला दुसरा गट नव्हता. आपण काय घेतो हे रुग्णालाही ठाऊक होते आणि तपासणाऱ्यालाही. कंपवातात नुसत्या आशेनेही काही काळ बरे वाटते, हे अनेक चाचण्यांत दिसलेले आहे.

२००० मध्ये आणखी एक अभ्यास झाला, तो अठरा रुग्णांचा. त्यांना खाजकुयली, खुरासानी ओवा, अश्वगंधा आणि बला यांचा दुधातला काढा दिला. काहींना आधी शोधनचिकित्साही केली. ज्यांना शोधन आणि काढा दोन्ही मिळाले त्यांना अधिक गुण आला. संशोधकांनी काढ्याचे विश्लेषण केले, तेव्हा एका मात्रेत सुमारे २०० मिलिग्रॅम लेव्होडोपा निघाले. खुरासानी ओवा बेलाडोनाच्याच कुळातला. शार्को पॅरिसमध्ये जे देत होता त्याचा चुलतभाऊच काढ्यात होता. तेव्हा काढा ‘काहीच नाही’ म्हणणारा चुकतो आणि काढ्यात ‘रसायन नाही’ म्हणणाराही चुकतो.

खरी कसोटी लंडनमध्ये झाली. २००४ साली आठ रुग्णांना वेगवेगळ्या दिवशी गोळी, पंधरा ग्रॅम चूर्ण आणि तीस ग्रॅम चूर्ण अशा तीन गोष्टी दिल्या गेल्या आणि कधी काय दिले हे रुग्णाला किंवा तपासणाऱ्याला कळू दिले नाही. तीस ग्रॅमचा परिणाम सुमारे ३५ मिनिटांत सुरू झाला, गोळीचा सुमारे ६८ मिनिटांत. चांगला काळ गोळीपेक्षा सदतीस मिनिटे अधिक टिकला आणि अनैच्छिक हालचाली वाढल्या नाहीत. २०१७ मध्ये बोलिव्हियात अठरा रुग्णांवर भाजून दळलेल्या बियांची एकेका मात्रेची चाचणी झाली. तिथेही चूर्ण गोळीच्या तोडीस तोड ठरले. मोठ्या मात्रेत तर सरस. त्या चाचणीमागचा हेतू मला मोलाचा वाटतो. जगात असंख्य रुग्णांना आयुष्यभराच्या गोळ्या परवडत नाहीत आणि हा वेल तर कुंपणावर फुकट उगवतो.

इथे लेख संपवला असता तर चुलतभाऊ खूश झाला असता. पण पुढच्याच वर्षी त्याच गटाचा दुसरा अभ्यास आला. या वेळी एका मात्रेऐवजी रोजचे चूर्ण, सोळा आठवड्यांच्या चाचणीत. चौदांपैकी सात जणांनी चूर्ण मध्येच सोडले: चौघांनी पोटाच्या त्रासामुळे, तिघांनी हालचाली बिघडत गेल्या म्हणून. गोळीच्या टप्प्यात एकानेही सोडले नाही. जे टिकले त्यांना मात्र चूर्णाने गोळीइतकाच गुण आला. एका दिवसाचा निकाल आणि चार महिन्यांचा निकाल यांत केवढे अंतर असते, ते या दोन अभ्यासांनी एकाच बियांबद्दल दाखवले.

दुसरी अडचण मोजमापाची. बियांतले लेव्होडोपा जातीनुसार, मातीनुसार आणि प्रक्रियेनुसार बदलते. काही आदिवासी समाज हे बी अन्न म्हणून खातात, पण पाणी पुन्हा पुन्हा बदलून उकळून. म्हणजे अन्न म्हणून खाणारा जे ओतून टाकतो, तेच औषध म्हणून घेणाऱ्याला हवे असते. अमेरिकेत २०२२ मध्ये या बियांच्या सोळा पूरक उत्पादनांची तपासणी झाली. एका शिफारस मात्रेत कुठे जेमतेम २ मिलिग्रॅम लेव्होडोपा होते, तर कुठे २४० च्या घरात. एकीने काहीच होणार नाही. दुसरी म्हणजे जवळजवळ डॉक्टरांनी लिहून द्यायची मात्रा. आमच्या डब्यावर तर प्रमाणाचा आकडाच नव्हता.

*

आता त्या पहाटेचा हिशेब मांडता येतो. आण्णांचे दोन मोठे चमचे म्हणजे अंदाजे दहा ग्रॅम. लंडनच्या चूर्णात तीस ग्रॅमला एक ग्रॅम लेव्होडोपा होते. आमच्या डब्यात तेवढेच धरले तर रोज सुमारे ३३० मिलिग्रॅम होतात. गोळ्यांतून त्यांना दिवसाला ३०० मिळत होते. म्हणजे मात्रा दुपटीच्या पुढे गेली. लंडनच्या रुग्णांना तीस-तीस ग्रॅम चूर्ण लागले, कारण त्या चूर्णासोबत कार्बिडोपा नव्हते. वाटेत बरेचसे वाया जात होते. आण्णांच्या पोटात मात्र गोळीतले कार्बिडोपा आधीच हजर होते. ते चूर्णाचे आणि गोळीचे लेव्होडोपा वेगळे ओळखत नाही. त्याने दोन्हींचे रक्षण केले. मान डोलणे, मांजरे दिसणे आणि उठताना रक्तदाब कोसळणे ही सगळी जादा लेव्होडोपाची ठरलेली लक्षणे आहेत. चूर्ण निकामी असते तर आण्णा पडले नसते. ते पडले, कारण ते खरे औषध होते आणि आम्ही ते औषध मानले नाही.

हे मी डॉक्टरांना दाखवले तेव्हा ते चिडले नाहीत. म्हणाले, “मला बियांशी भांडण नाही. मला फक्त आकडा हवा. तुम्ही सांगितले असते तर मी गोळी कमी केली असती किंवा नको म्हटले असते.” माझ्या मते यापलीकडे या विषयावर आज प्रामाणिकपणे फार काही सांगता येत नाही. बियांत गुण आहे, हे दाखवणारे पुरावे आहेत. ते लहान आहेत, पण पोकळ नाहीत. रोज वर्षानुवर्षे घेण्याइतका भरवसा अजून त्यांनी दिलेला नाही. बी असो वा गोळी, दोन्ही रिकामा होत चाललेला साठा तात्पुरता भरतात. पेशींचा ऱ्हास थांबवल्याचे कुणीही सिद्ध केलेले नाही. ज्याच्या घरी कंपवाताचा रुग्ण आहे त्याने एवढे करावे: चूर्ण द्यायचे असेल तर ते डॉक्टरांना सांगूनच द्यावे आणि चालू गोळ्यांवर तर न सांगता कधीच देऊ नये.

चुलतभावाला मी हे सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दादा, मी काकांच्या मायेपोटी आणले होते.” ते मला ठाऊक होते. मीही रागापोटी बोललो होतो.

आण्णा पुढे पाच वर्षे होते. सकाळच्या गोळीनंतर तासाभराने त्यांचा हात मोकळा होई, तेवढ्या वेळात ते दोन-तीन पत्रे लिहीत. हा हिशेब मी त्यांनाही वाचून दाखवला होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि नोकरीतल्या जुन्या सवयीने म्हणाले, “कागद पाहिल्याशिवाय फेरफार धरू नये. आणि कागद पाहिल्यावर मग नाकारूही नये.”